शोथ, विषाद आणि रुग्णागणिक चिकित्सा

आंबिया बहाराची गळ सुरू झाली की काटोल येथील आमच्या चिकित्सालयात अंगदुखी, अरुची व निद्रानाशाचे रुग्ण वाढतात. काही वर्षांपूर्वी असाच एक मध्यमवयीन संत्रा बागायतदार आला. संधिशूल, अंगगौरव, साम जिव्हा, मंद अग्नी. रक्तातील सीआरपी वाढलेले. सामावस्था जाणून आम्ही लंघन, पाचन व गुग्गुळकल्प योजले. सहा आठवड्यांत सांधे मोकळे झाले, सीआरपी उतरले आणि आम्ही समाधान पावलो.

रुग्ण मात्र बरा झाला नव्हता. ‘हे रातभर जागेच असतात, पोरांशीही बोलत नाहीत,’ असे त्याच्या पत्नीने सांगितले. तेव्हा आम्ही त्यास एकांतात सरळ विचारले, ‘भाऊ, जीव नकोसा वाटतो काय?’ त्याने मान खाली घालून होकार दिला. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

शोथ आणि विषाद यांचा संबंध आता कल्पनेचा विषय राहिलेला नाही. कावीळ-सी वर इंटरफेरॉन-अल्फा घेणाऱ्या अनेक रुग्णांत विषाद उत्पन्न होत असे. परंतु प्रत्येक विषादामागे शोथ नसतो. अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात औषधांना न जुमानणाऱ्या विषादाच्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे शोथरोधक दिले गेले. सर्वांचा एकत्रित विचार करता लाभ दिसला नाही. सीआरपी लिटरमागे ५ मि.ग्रॅ.हून अधिक असलेल्यांत मात्र लाभाकडे कल दिसला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात सीआरपी १ मि.ग्रॅ.हून कमी असणाऱ्यांना एस्सिटॅलोप्रॅम, तर अधिक असणाऱ्यांना नॉरट्रिप्टिलिन अधिक मानवले. तरीही सीआरपी हा औषध निवडण्याचा प्रस्थापित निकष अद्याप झालेला नाही. शिवाय स्थौल्य, धूम्रपान वा दातांतील पू यांमुळेही ते वाढते.

रुग्णागणिक विचार आपणांस नवा नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेत प्रकृतीबरोबर सत्त्वही आहे. विषादाची गणना त्यांनी वाताच्या नानात्मज विकारांत केली आणि रोग वाढविणाऱ्या कारणांत त्यास अग्रस्थान दिले. मात्र सीआरपी म्हणजे आम, असे समीकरण मांडण्याचा मोह आवरला पाहिजे. आमच्या रुग्णात आम पचला, विषाद उरला. सत्त्वाची परीक्षा आम्ही केलीच नव्हती.

म्हणून व्यवसायबंधूंना आमची विनंती आहे. दीर्घकाळ अंगदुखी व अनिद्रा असणाऱ्यास मन, रस आणि मरणाचा विचार यांविषयी स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. पांडुता, थायरॉईड व बी-१२ तपासावे. आत्मघाताचा विचार दिसताच रुग्णास एकटे न सोडता, कीटकनाशके दूर ठेवण्यास आप्तांना सांगून, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चालू असलेले विषादरोधक आपण होऊन बंद करू नये. १४४२६ नव्हे, १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक भिंतीवर ठळक लिहावा. औषधालयचालकांनी अश्वगंधा मागणाऱ्यास थायरॉईडची वा झोपेची गोळी चालू आहे काय, हे विचारावे. आणि तोच ग्राहक झोपेचे चूर्ण वारंवार नेत असेल, तर त्यास वैद्याकडे धाडावे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकडून हे काम करविले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषादग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विचारणारा कोणी भेटला की माणसे बोलतात.

आमचा बागायतदार नागपूरच्या तज्ज्ञांच्या औषधाने, आमच्या पथ्याने आणि पत्नीच्या सोबतीने सावरला. आता तो बहाराच्या भावाविषयी आमच्याशी वाद घालतो. तो ऐकताना आम्हांस सीआरपीच्या अहवालाहून अधिक समाधान वाटते.