पाकिटावरच्या ‘ट्रान्स फॅट’मधला ‘ट्रान्स’ म्हणजे नेमकं काय? समजून घ्या केमिस्ट्रीतला नियम

बिस्किटांच्या पाकिटामागे ‘ट्रान्स फॅट ० ग्रॅम’ असं छापलेलं तुम्ही वाचलं असेल. हा ‘ट्रान्स’ शब्द सेंद्रिय रसायनशास्त्रातला आहे. नीट आणि सीईटीचे विद्यार्थी तिथेच अडखळतात.

सिस आणि ट्रान्समध्ये फरक काय?

दोन कार्बनमधला एकेरी बंध फिरू शकतो, पण अल्कीनमधला दुहेरी बंध सहजासहजी फिरत नाही. त्यामुळे जोडलेले गट आपापल्या बाजूला अडकून राहतात. सारखे गट एकाच बाजूला असतील तर सिस, विरुद्ध बाजूंना असतील तर ट्रान्स. अट एकच, दोन्ही कार्बनपैकी प्रत्येकावरचे दोन गट वेगवेगळे हवेत. प्रोपीनच्या एका कार्बनवर दोन्ही हायड्रोजनच असतात, म्हणून त्याला अशी रूपं नाहीत.

एवढ्याने काय बिघडतं?

शेंगदाणा तेलातलं ओलिक आम्ल सिस आहे. त्याची साखळी वाकलेली असल्याने ते सुमारे १३ अंश सेल्सियसलाच वितळतं. त्याचंच ट्रान्स रूप, इलेडिक आम्ल, सरळ साखळीमुळे सुमारे ४५ अंशांपर्यंत घट्ट राहतं. तेलाचं अर्धवट हायड्रोजनेशन करताना अशी ट्रान्स रूपं तयार होतात. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात. म्हणूनच भारतात जानेवारी २०२२पासून तेल-तुपातल्या अशा औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

चित्र आणि नाव कसं द्यायचं?

१. दुहेरी बंधाच्या कार्बनवरचे बंध सुमारे १२० अंशांत काढा. सरळ रेषेत साखळी काढली, तर बाजूच कळत नाही.
२. प्रत्येक कार्बनवरच्या दोन गटांत ज्याच्या पहिल्या अणूचा अणुअंक मोठा, तो वरिष्ठ. बरोबरी झाली तर पुढचे अणू पाहा.
३. दोन्ही वरिष्ठ गट एका बाजूला असतील तर ‘झेड’, विरुद्ध बाजूंना असतील तर ‘ई’. जर्मनमध्ये ‘त्सुझामेन’ म्हणजे एकत्र, ‘एन्टगेगेन’ म्हणजे विरुद्ध.

सिस म्हणजे झेडच का?

नेहमी नाही! स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमोक्सिफेन हे औषध ‘झेड’ आहे, पण त्यातली दोन साधी फिनाइल वलयं विरुद्ध बाजूंना असल्याने त्याला ‘ट्रान्स’ही म्हटलं गेलं. औषधाचं ‘ई’ रूप तर प्रयोगांत उलट, इस्ट्रोजेनसारखं वागलेलं दिसलं. त्यामुळे पेपरात असो वा प्रयोगशाळेत, आधी वरिष्ठ गट ठरवा, मगच नाव लिहा.