ठाकूरद्वारचा पेजमेकर

लग्नपत्रिका, उत्सवाची स्मरणिका, संस्थेचा अहवाल, कुणा आजोबांचं आत्मचरित्र... गिरगावात, ठाकूरद्वारच्या आसपास, असला मजकूर आजही बऱ्याचदा पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर लागतो. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती आली २००१ साली. पुढे ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं सगळा भर इनडिझाइन या आपल्या नव्या सॉफ्टवेअरवर दिला. मजकूर लावून देणारी इथली दुकानं ज्या विंडोज एक्सपीवर पेजमेकर चालवतात, तिला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ नंतर वाऱ्यावर सोडलं. मी मुद्रितं तपासते, त्यामुळे या दुकानांत माझी सततची ये-जा. ‘हे लोक जुन्याला का चिकटून बसलेत?’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

कारण त्यामागे कारण आहे. संगणकावर छपाईची मराठी आली ती फॉन्टवाल्यांच्या युक्तीनं. यंत्राला रोमन अक्षरं आणि चिन्हं तेवढी ठाऊक होती. त्या एकेकाच्या जागी मराठी अक्षराचा एकेक तुकडा बसवला. कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसतं, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असते. पण छपाईला ही युक्ती छान चालली. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, तरी पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरला ती पेलायला फार वर्षं लागली. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली २०१२च्या सीएस६मध्ये. तोवर ऑपरेटरनं काय करायचं होतं? कीबोर्डवर हात बसलेला, गिऱ्हाईक दारात उभं. सोय झाली, तर २०१३पासून अडोबीच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळू लागल्या. पत्रिकांच्या धंद्याला तो दर महिन्याचा खर्च जड जातो.

त्रास मात्र खरा आहे. परवा एका मंडळानं स्मरणिकेचं मनोगत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. ते युनिकोडमध्ये. पेजमेकरमध्ये टाकलं तर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. मग युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टात बदलणारा कन्व्हर्टर लावला. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवतात, जुन्या फॉन्टात आधी. रफाराचं नेमकं उलट. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी अडखळतो. ‘कार्यकर्त्यांनी’मधला दुसरा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. ‘ताई, त्यापेक्षा मी टाइपच करतो,’ ऑपरेटर म्हणाला आणि सगळं मनोगत त्यानं पहिल्यापासून बडवलं. म्हणजे नव्या चुका, नवं प्रूफ.

या दुकानांच्याच गल्लीत हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र बदललं. १ जुलै २०१७ला जीएसटी लागला, जुन्या टॅलीत त्याची सोय नव्हती, नवं घेणं भाग पडलं. लिपीसाठी असा रेटा कुणी लावला नाही.

मला काळजी वाटते ती आत अडकलेल्या मजकुराची. जुनी फॉन्ट-पॅकेजं चालायला संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात, बोटभर ‘लॉक’ खोचावं लागतं. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. लॉक बिघडलं की फॉन्ट गेला, आणि फॉन्ट गेला की फाइल असून नसल्यासारखी. आजचं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडतही नाही. पीडीएफ काढून ठेवली तर पान जसंच्या तसं दिसतं, पण त्यात एक नाव शोधायला जा, सापडत नाही.

जावजी दादाजींनी १८६९ साली इथून जवळच निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी आरूंनी घडवलेल्या त्याच्या टाइपातली पुस्तकं आजही उघडून वाचता येतात. आणि एखाद्या चाळीच्या वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेची छापील प्रत हरवली, तर त्या चाळीचा तेवढा इतिहास गेला! हे मला सहन होत नाही.

एक्सपीचं यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावं आणि पत्रिका खुशाल त्यावर लावाव्यात. पण जपण्याजोगा मजकूर लॉक चालतंय तोवर युनिकोडमध्ये काढून, पुन्हा वाचून, वेगळा ठेवायला हवा. हे ऑपरेटरनं फुकट करावं असं मी म्हणणार नाही. मंडळांनी, संस्थांनी छपाईच्या खर्चातच त्याचे पैसे धरावेत, आणि अंक ताब्यात घेताना छापील प्रतींबरोबर युनिकोड फाइलही मागून घ्यावी. जुन्या अंकांसाठी आधी त्या दुकानात जाऊन फाइल शिल्लक आहे का ते विचारा. तिथले ऑपरेटर आता साठीला आलेत.