पडलेल्या दाताची जागा मोकळी ठेवू नका

दाढ काढली, दुखणे थांबले, की आपण ती जागा विसरून जातो. पण शेजारचे दात हळूहळू त्या फटीकडे कलतात आणि समोरचा दात लांबतो. अन्न अडकते, चांगले दातही किडतात. भाकरी, भाजी, शेंगदाणे चावता येत नाहीत, मग अंगालाही कमी पडते.

हिरडीची जखम भरली की कवळी किंवा ब्रिज बसवता येतो. ब्रिज पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे दात थोडे घासावे लागतात. कवळी स्वस्त पडते. ती रात्री काढावी, ब्रशने धुऊन पाण्यात ठेवावी.

खर्चाची धास्ती असेल, तर कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने मुंबईत सीएसएमटीला उतरावे. तिथे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

उरलेले दात मात्र आपल्याच हाती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. मिश्री सोडा, सकाळी आणि रात्री झोपताना ब्रश करा. तोंडातला चट्टा पंधरा दिवसांत बरा झाला नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.