आल्या वाटेने परतणारा प्रकाश

परशुराम घाट उतरून चिपळुणात येणाऱ्या किंवा कुंभार्ली घाटाने कराडकडे चढणाऱ्या रस्त्यावरचा जुना सूचनाफलक दिवसा पाहिला, तर खांब उभा असतो, अक्षरे वाचता येतात, आणि तपासणीच्या दफ्तरात ‘सुस्थितीत’ अशी नोंद सहज होऊन जाते. परंतु त्याची खरी चाकरी सूर्यास्तानंतर सुरू होते, आणि ती करण्यास तो समर्थ उरला आहे की नाही, हे दिवसाच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

फलकाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यावर डकवलेल्या उत्तम प्रतीच्या परावर्तक फिल्ममध्ये अतिसूक्ष्म लोलक असतात. परस्परांशी काटकोन करणाऱ्या त्यांच्या तीन पृष्ठांवर क्रमाने आदळून मोटारीच्या दिव्याचा किरण आल्या वाटेने चालकाकडे परततो. १९६९ साली अपोलो-११ च्या यात्रिकांनी चंद्रावर ठेवलेले परावर्तक पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण परत धाडतात, ते याच तत्त्वाने.

या रचनेचा मर्मबिंदू म्हणजे लोलकांमागे कोंडलेली हवा. पॉलिकार्बोनेटमधून हवेकडे निघालेला किरण ३९ अंशांहून अधिक तिरपा असला की तो संपूर्ण आत परततो, आणि समोरून आलेला किरण लोलकाच्या पृष्ठांवर सुमारे ५५ अंशांनी पडतो. म्हणून काही निसटत नाही. मात्र फिल्मची कड उकलून हवेच्या जागी पाणी शिरले, की हीच मर्यादा ५७ अंशांवर जाते, आणि केवळ दोन अंशांच्या उणिवेपायी प्रकाश पलीकडे निघून जातो. जिथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि जिथे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या भर बाजारपेठेत शिरले, तिथे हे दोन अंश क्षुल्लक नव्हेत. पुरात बुडालेल्या फलकावरचा गाळ धुऊन काढला, म्हणजे त्याचे काम झाले असे समजू नये.

उन्हाचा उपद्रव निराळा. लाल रंगद्रव्य सूर्यप्रकाशातील अधिक ऊर्जेचा निळा-जांभळा भाग शोषते आणि त्यानेच हळूहळू विघटित होते; काळ्या रंगातील काजळी मात्र टिकते. परिणामी वेगमर्यादेचा आकडा ठळक राहतो आणि ज्या वर्तुळामुळे त्याला हुकमाचे बळ येते, ते फिकट गुलाबी होऊन विरते.

रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची कथा याहून करुण आहे. त्यांतील काचेचे मणी किरण एकवटून परत फिरवतात ते काच आणि हवा यांच्या वक्रीभवनातील फरकामुळे. पाण्याच्या थराखाली तो फरक खूपच कमी होतो आणि मुसळधार पावसात, पट्ट्याची गरज सर्वांत अधिक असताना, नेमका पट्टाच दिसेनासा होतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली पेटंट घेतलेल्या ‘मांजराच्या डोळ्यां’त, म्हणजे रस्त्यात बसवलेल्या परावर्तकांत, चाकाच्या दाबाने खाली जाणारी काच रबराने पुसली जाते, म्हणजे देखभाल त्या वस्तूच्याच अंगी बाणवलेली आहे. आपल्याकडील प्लॅस्टिकचे अचल परावर्तक स्वतःला पुसू शकत नाहीत. ते काम माणसांनीच करावयाचे.

म्हणून माझी विनंती अशी, की फलकांची एक तरी तपासणी दरसाल पावसाळ्यातील रात्री, मोटारीच्या दिव्यांत व्हावी, अथवा परावर्तन मोजणारे हातातले यंत्र, जे दिवसाही चालते, ते बांधकाम खात्याच्या प्रत्येक उपविभागाला मिळावे. आणि प्रत्येक फलकाच्या पाठीवर तो बसवल्याची तारीख व फिल्मची प्रत न पुसणाऱ्या अक्षरांत लिहिण्याची तजवीज व्हावी.