अर्ध्या मिलिमीटरचं ऋण

मुद्रितशोधकाला एका अनुस्वाराचे तीन दिसू लागले तर त्यानं काय करावं? विशीत माझ्यावर ही वेळ आली. आधी वाटलं, छपाईच बिघडली असेल. मग रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटल्या आणि चष्म्याचा नंबर टिकेनासा झाला. शेवटी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं : केरॅटोकोनस.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. डोळे चोळण्यानं दुखणं बळावतं, आणि मी तर लहानपणापासून मनसोक्त चोळत आलेला! आज निदान वेळेत झालं तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांच्या उपचारानं बहुतेकांचा आजार थोपवता येतो. माझी ती वेळ टळली होती. कडक कॉन्टॅक्ट लेन्सवर मी बरीच वर्षं काढली. पुढे लेन्स डोळ्यावर ठरेना, पारपटलावर व्रण उमटला. डॉक्टर म्हणाले, "आता रोपणच."

म्हणजे कुणीतरी मरणानंतर दिलेला डोळा. ते ऐकलं आणि मला २००४ सालची एक सकाळ आठवली. नाना, माझे वडील, पहाटे गेले होते. शेजारच्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नेत्रपेढीला फोन करू का रे?" आई आतून म्हणाली, "नको. पुढच्या जन्मी आंधळे जन्मतील ते." माझा यावर काडीचाही विश्वास नव्हता. तरीही मी म्हणालो, "आत्ता नको, काका." या कामात 'नंतर' नसतं, साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, हे मला ठाऊक नव्हतं.

नेत्ररोपण काही आजचं नाही. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एदुआर्द त्सिर्म यांनी चुन्यानं डोळे भाजलेल्या एका मजुरावर पहिलं यशस्वी रोपण केलं. ते पटल एका जखमी मुलाच्या काढाव्या लागलेल्या डोळ्याचं होतं. मृतांच्या डोळ्यांचा मार्ग रुळवला तो ओडेसाच्या डॉ. फिलातोव यांनी, १९३०च्या दशकात.

२०१३ साली मला रुग्णालयातून फोन आला, "डोळा मिळालाय, उद्या या." डॉक्टरांनी माझ्या पारपटलाचे वरचे थर काढून तिथं दात्याचे बसवले आणि सर्वांत आतला पेशींचा थर माझाच ठेवला. तो पुन्हा तयार होत नाही. पण तो स्वतःचा राहिला की शरीरानं रोपण नाकारण्याचा धोका बराच कमी होतो. व्रण अगदी आतपर्यंत गेला असेल तर मात्र संपूर्ण जाडीचं पटल बदलावं लागतं. केसाहून बारीक धाग्याचे सोळा टाके पडले. ते सगळे निघायला दीड वर्ष लागलं. चमत्कार वगैरे झाला नाही. चष्मा आजही आहे. पण अनुस्वार एकच दिसतो.

दात्याचं नाव मला सांगितलं नाही, सांगत नाहीतच. एवढंच कळतं, की त्या रात्री कुठल्यातरी घरात रडणं थांबवून कुणीतरी फोन उचलला. पंखा बंद केला, मृताच्या पापण्या मिटल्या, त्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. जे मी केलं नाही, ते त्यांनी केलं.

हे सगळं मी परवा आईला सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग तिनं विचारलं, "मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात का रे?"

चालतात. नेत्रपेढीचा नंबर आता आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. तिच्याच हातानं.