ऐरोलीची फ्लेमिंगो बोट रोज वेगळ्या वेळी का सुटते?

फ्लेमिंगो पाहायला ऐरोलीहून ठाणे खाडीत जाणारी बोट आज सकाळी ८ वाजता सुटली, तर चार दिवसांनी ती ११ नंतर सुटू शकते. कारण तिचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते.

ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, या चिखलातून आणि उथळ पाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पण पूर्ण ओहोटीला बोट रुतते आणि पूर्ण भरतीला चिखल बुडतो, तेव्हा पक्षी तिथे नसतात. म्हणून फेरी मधल्या वेळेत होते.

भरतीची वेळ कशी काढायची?

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

भरतीत पक्षी कुठे जातात?

नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांवर. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हा तलाव मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. खाण्याची जागा राखली, पण विसाव्याची जागा गेली, तर बोट वेळेवर सुटेल. पाहायला पक्षी नसतील.