स्मरणार्थ देणगी, पण कशासाठी?

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनासाठी पहाटेच नगर शहरातून पायी निघालेले भाविक दिसतात. चालणे हे आपल्याकडे पूर्वापार कृतज्ञता व्यक्त करण्याचे साधन आहे. मग दिवंगत आई-वडिलांच्या स्मरणार्थ असेच चालून वैद्यकीय संशोधनासाठी निधी जमवण्याची कल्पना आपल्याला परकी का वाटावी?

कॅनडात टेरी फॉक्स हा तरुण कर्करोगाने एक पाय गमावल्यावर १९८० साली कृत्रिम पायाने १४३ दिवस धावला आणि संशोधनासाठी निधी जमवला. आपल्याकडे सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली पत्नी मेहेरबाईंच्या स्मृत्यर्थ रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला. टाटांची संपत्ती आपल्याजवळ नाही, हे खरे. पण पाय तर आहेत.

अशा पैशातून निष्पन्न काय होते? उत्तर बार्शीत सापडते. १९८१ साली निवर्तलेल्या नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय तेथे आहे. त्याने व टाटा मेमोरियलने १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ४९७ खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी केवळ एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, चाचणी न झालेल्या गटात ६४. चाचणीविना राहिलेल्या स्त्रियांबाबत पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. म्हणूनच त्या ज्ञानाचा उपयोग गावोगावी न होणे, हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

वर्षश्राद्धाची पंगत डोळ्यांना दिसते, देवळातील फरशीवर नाव कोरता येते. संशोधनाच्या देणगीला ना पंगत, ना फरशी. प्रयोग फसण्याचीही शक्यता असते. शिवाय 'पैसा जातो कोठे?' ही शंका रास्तच आहे. तेव्हा पावती द्यावी, जमाखर्च फलकावर लावावा, पैसा कोणत्या कामासाठी आहे ते आधी सांगावे. शाळेतील शिक्षक व कचेरीतील कारकून यांच्याइतका चोख हिशेब दुसरे कोण ठेवील?

आपल्या आईला जे निदान वेळेवर मिळाले नाही, ते दुसऱ्याच्या आईला मिळावे, यापेक्षा मोठे श्राद्ध कोणते? केडगावची वाट पायाखालची आहे. त्याच वाटेने एक दिवस या कामासाठी चालून पाहावे.